विश्लेषण : तासाभराच्या पावसात रस्त्याचा ओढा का होतो? गटाराच्या जाळीजवळ नागरिकांनी काय करावे, काय टाळावे?

दुपारभर उकडते, संध्याकाळी ढग दाटून येतात आणि पाऊण तास वळवाची सर कोसळते. मग आकुर्डी असो, वाकड असो वा चाकणचा तळेगाव चौक, रस्त्याच्या कडेला गुडघाभर पाणी साचते. पहिली पाळी सुटलेले कामगार बंद पडलेल्या दुचाकी ढकलत निघतात, रिक्षा मिळत नाही, कंपनीची बस चौकातच अडकते. पाऊस थांबल्यावर कोणीतरी काठीने गटाराच्या जाळीवरची पिशवी आणि पालापाचोळा बाजूला सारतो आणि काही मिनिटांत ते तळे गुरगुरत आत उतरते. अशा वेळी खालच्या वाहिनीत जागा असते, बंद असते ते तिचे तोंड. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पाणी साचण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक यंत्रणांनीच सोडवायची आहेत. पण जाळीचे हे एक कारण असे आहे, की त्यावर घरासमोर राहणारा माणूस पाच मिनिटांत इलाज करू शकतो. तो कसा करावा, कुठे थांबावे आणि पुढचे काम कोणाकडून करून घ्यावे, याविषयी.

रस्त्यावर नेमके किती पाणी येते?

साधा हिशेब करून पाहता येतो. १०० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशा रस्त्याच्या तुकड्याचे क्षेत्रफळ १,२०० चौरस मीटर होते. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एवढ्याच तुकड्यावर ६० हजार लिटर पाणी पडते. सोसायटीत येणाऱ्या १० हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे तर सहा टँकर. दर सेकंदाला साधारण सतरा लिटर, म्हणजे जवळपास एक बादली. यात शेजारच्या इमारतींच्या गच्च्या, पार्किंग आणि पेव्हर ब्लॉकचे आवार यांवरून येणारे पाणी धरलेले नाही.

पूर्वी याच जागी शेत किंवा माळ होता, तेव्हा यातील बरेचसे पाणी जमिनीत मुरत असे आणि उरलेले ओघळीने ओढ्याला मिळत असे. डांबर आणि काँक्रीटवर मुरायला जागा नाही. पडलेले जवळपास सगळे पाणी उताराच्या दिशेने धावते आणि रस्त्याच्या कडेच्या जाळ्यांमधून आत जाणे अपेक्षित असते. १०० मीटरमध्ये चार जाळ्या असतील आणि दोन तुंबलेल्या असतील, तर उरलेल्या दोघींवर दुप्पट भार येतो. त्यांनाही ते पेलले नाही, की पाणी पुढे सरकते आणि सर्वात सखल जागी जमते. म्हणूनच पुनावळे, ताथवडे परिसरातील महामार्गाखालचे भुयारी मार्ग किंवा उताराच्या टोकाचा चौक नेहमी पहिल्यांदा भरतो. तिथे दिसणारे पाणी पुष्कळदा अर्धा किलोमीटर वरच्या बंद जाळ्यांचे असते.

जाळी आणि वाहिनी कशाने तुंबते?

दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला, वरून तोंड बंद होणे. प्लास्टिकची पिशवी, वेफरचे पाकीट, चहाचे कागदी कप, गुलमोहर आणि रेनट्रीचा पाला, शहाळ्याची टरफले, निर्माल्य. पाण्याच्या ओढीने ही वस्तू जाळीच्या फटींवर चिकटते. वरून पाण्याचा दाब जितका वाढतो, तितकी ती घट्ट बसते. एक ओली पिशवी चार-पाच फटी सहज झाकते.

दुसरा प्रकार आत गाळ बसण्याचा. बांधकामाची वाळू, खडी, राडारोडा, काँक्रीटच्या मिक्सर गाड्या धुतल्यावर वाहणारा सिमेंटचा राप, साइड पट्टीवरून ट्रकच्या टायरला लागून येणारी माती. औद्योगिक पट्ट्यात हा दुसरा प्रकार जास्त त्रास देतो. सिमेंटचा राप तर आत जाऊन घट्ट होतो, मग तो पाण्याच्या फवाऱ्यानेही निघत नाही. पाइपची तळाकडची निम्मी उंची गाळाने भरली, तर पाणी वाहून नेण्याची क्षमता निम्म्याहूनही खाली येते. जागा कमी होते, शिवाय खडबडीत गाळावरून पाणी सावकाश वाहते. पाणी सावकाश वाहिले, की आणखी गाळ बसतो.

पहिला प्रकार नागरिकांच्या आवाक्यातला आहे. दुसऱ्यासाठी यंत्र आणि प्रशिक्षित माणसे लागतात. हा फरक लक्षात ठेवला, तर पुढचे सगळे सोपे होते.

पावसाळी गटार आणि ड्रेनेज लाइन एकच का?

नाही. बोलताना दोन्हींना ‘ड्रेनेज’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रस्त्याच्या कडेला, फूटपाथला लागून लोखंडी किंवा सिमेंटची फटींची जाळी असते, ती पावसाळी गटाराची. तिथले पाणी जवळच्या नाल्यात आणि तेथून पवना, मुळा किंवा इंद्रायणीत जाते. वाटेत कोणतीही प्रक्रिया होत नाही. साधारणपणे बंद झाकण असलेले चेंबर असते, ते मैलापाण्याच्या वाहिनीचे. त्यात घरातील शौचालय, मोरी आणि स्वयंपाकघराचे पाणी असते आणि ते मैलाशुद्धीकरण केंद्राकडे जाते.

या फरकाचे दोन परिणाम आहेत. सोसायटीच्या आवारात पाणी साचले, की अनेक ठिकाणी मैलापाण्याच्या चेंबरचे झाकण उघडून पावसाचे पाणी त्यात सोडले जाते. त्या वाहिनीचा आकार एवढ्या पाण्यासाठी ठरवलेला नसतो. परिणामी खालच्या अंगाच्या घरांमध्ये शौचालयातून मैलापाणी उलटे येते आणि शुद्धीकरण केंद्रावरही क्षमतेपेक्षा जास्त भार पडतो.

उलट बाजूने, पावसाळी जाळीत जे टाकले जाते ते थेट नदीत पोहोचते. गॅरेजमधले काळे ऑइल, हातगाडीवरचे खरकटे, रंगाच्या बादल्या धुतलेले पाणी. मोशी, चिखली, चऱ्होलीकडचे नाले इंद्रायणीला मिळतात आणि पुढे आळंदीचा घाट येतो. आषाढी वारीच्या तोंडावर इंद्रायणीवर फेस दिसला, की दरवर्षी हळहळ व्यक्त होते. त्यामागे प्रक्रिया न झालेले सांडपाणी हे मोठे कारण आहे. पण वारकरी ज्या पाण्यात स्नान करतात, त्या पाण्याशी आपल्या गल्लीतली जाळीही जोडलेली आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होते, मग पुन्हा का तुंबते?

नालेसफाई मुख्यतः मोठ्या नाल्यांची असते. पोकलेन आणि जेसीबी उतरवून गाळ काढला जातो. रस्त्याकडेच्या हजारो जाळ्या आणि छोटी चेंबर हे वेगळे, किचकट आणि पुन्हा पुन्हा करण्याचे काम आहे. मेमध्ये साफ केलेली जाळी एका वावटळीत पुन्हा पाल्याने भरते. काढलेला गाळ वेळेत उचलला नाही, तर पहिल्याच पावसात तो परत आत जातो. ही तक्रार शहरातील जवळपास प्रत्येक प्रभागात ऐकू येते.

वेळापत्रकाचाही प्रश्न आहे. पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास पोहोचतो, हे गृहीत धरून ३१ मेपर्यंत कामे संपवण्याची पद्धत आहे. २०२५मध्ये मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबई आणि पुण्यात दाखल झाले. त्याआधीही मेमध्ये जोरदार पाऊस झाला होता. कागदावरची मुदत संपण्यापूर्वीच पावसाने परीक्षा घेतली. वळवाच्या सरींचा जोर पाहता एप्रिलअखेर पहिली आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच दुसरी सफाई, असे दोन टप्पे करणे व्यवहाराचे ठरते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. स्वच्छ सर्वेक्षण २०२४च्या निकालात, म्हणजे जुलै २०२५मध्ये, दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत पिंपरी-चिंचवड देशात सातवे आणि राज्यात पहिले आले. घरोघरचा कचरा गोळा करण्याची व्यवस्था उभी आहे. तरीही रस्त्यावर टाकलेला कप आणि पिशवी घंटागाडीपर्यंत जात नाही. ती वाऱ्याबरोबर आणि पाण्याबरोबर जाळीकडेच जाते.

कर भरूनही गटारे नागरिकांनीच साफ करायची का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार गटारे बांधणे, त्यांची देखभाल करणे आणि ती साफ ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ते नागरिकांवर ढकलता येत नाही. गाळ काढणे, तुटलेली जाळी बदलणे, खचलेले चेंबर बांधणे, वाहिनीचा व्यास वाढवणे, नाल्यावरचे अतिक्रमण हटवणे ही सगळी कामे महापालिकेची आहेत.

नागरिकांवरचे बंधन वेगळे आहे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा रस्त्यावर, गटारात किंवा पाण्यात टाकण्यास मनाई केली. म्हणजे घाण न टाकणे हे कर्तव्य झाले. वर साचलेला पाला बाजूला करणे ही मात्र स्वेच्छेची मदत आहे. ती करण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. सर आली तेव्हा महापालिकेचे पथक एकाच वेळी सगळ्या चौकांत असू शकत नाही. घरासमोरचा माणूस तिथेच असतो. आपल्या समोरच्या जाळीवर आत्ता काय अडकले आहे, हे त्याच्याइतके लवकर कोणालाच कळत नाही.

या शहराला अशी मदत नवी नाही. पवनेतील जलपर्णी काढण्यासाठी वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने चालवलेल्या अभियानात सुट्टीच्या दिवशी सामान्य नागरिक नदीत उतरून जलपर्णी ओढत असत. गल्लीतल्या जाळीसाठी नदीत उतरण्याचीही गरज नाही.

मग नेमके काय करायचे?

एक जाळी निवडा. सोसायटीच्या फाटकासमोरची, दुकानापुढची किंवा रोज बसची वाट पाहता तिथली. चारही जाळ्यांची जबाबदारी एकट्याने घेतली, तर दोन आठवड्यांत उत्साह संपतो.

कोरड्या दिवशी साफ करा. पाऊस सुरू असताना नव्हे, तर ढग येण्यापूर्वी. लांब दांड्याचा खराटा किंवा पंजा, रबरी हातमोजे, पायात बूट आणि एक जुने पोते एवढे पुरते. हाताने चाचपू नका, फुटलेल्या काचा, ब्लेड आणि सुया पाल्यात असतात.

कचरा जाळीत ढकलू नका. सर्वाधिक चूक इथेच होते. पाला आत लोटला, की वरून स्वच्छ दिसते आणि आत वाहिनी बंद होते. कचरा जाळीपासून दूर, चढाच्या बाजूला नव्हे तर फूटपाथवर गोळा करा. पाला ओल्या कचऱ्यात आणि प्लास्टिक सुक्या कचऱ्यात वेगळे करून घंटागाडीकडे द्या. सोसायटीत खतखड्डा असेल तर पाला तिथेच कामी येतो.

चार वेळा आठवणीने पाहा. एप्रिल-मेच्या वावटळीनंतर, पहिल्या मोठ्या पावसानंतर, गणेशोत्सवाच्या मिरवणुकीनंतर आणि परतीच्या पावसाआधी. जिथे पाला भरपूर गळतो, तिथे पावसाळाभर आठवड्यातून एकदा. काम पाच ते दहा मिनिटांचे आहे. झाल्यावर हात साबणाने धुवा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्याच वाटेने शरीरात जातात.

काय अजिबात करू नये?

कोणत्याही चेंबरचे झाकण उघडू नका. हा नियम अपवादाशिवाय पाळावा. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत मुसळधार पाऊस झाला. एल्फिन्स्टन रोड परिसरात पाणी ओसरावे म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत पोटविकारतज्ज्ञाचा मृत्यू झाला. गाडी सोडून ते पाण्यातून चालत घरी निघाले होते. झाकण उघडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गढूळ पाण्याखाली उघडे भोक दिसत नाही.

कोणालाही चेंबरमध्ये उतरवू नका. सोसायटीच्या वॉचमनला, साफसफाईच्या मावशींना किंवा नाक्यावरून आणलेल्या मजुराला ‘जरा आत उतरून बघ’ असे सांगणे हा गुन्हा आहे. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्याने मैलावाहिनी आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्यास बंदी घातली आहे. काम सांगणाराही त्यात दोषी ठरतो. बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले, की नाकाला वास येणेच बंद होते. त्यामुळे ‘वास नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज जीवघेणा ठरतो. एक आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असे प्रकार राज्यात वारंवार घडले आहेत. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. भरपाईने माणूस परत येत नाही.

वाहत्या पाण्यात उभे राहून जाळी मोकळी करू नका. मोकळी होताच तोंडाशी पाण्याची ओढ एकदम वाढते आणि तोल जातो. मुलांना या कामाला लावू नका. जवळ महावितरणचा डीपी, फीडर पिलर किंवा पथदिव्याचा खांब पाण्यात असेल तर त्या पाण्यात पाऊल टाकू नका. वीजपुरवठ्याबाबत १९१२ या क्रमांकावर कळवा. झाकण गायब असलेले चेंबर दिसले, तर शेजारी फांदी किंवा बॅरिकेड उभे करा, त्याला लाल कापड बांधा, लोकांना सावध करा आणि लगेच तक्रार नोंदवा.

सोसायट्या, दुकाने आणि कारखान्यांनी काय करावे?

एका जाळीपेक्षा जास्त परिणाम या तिघांच्या सवयींचा होतो. सोसायटीने गच्चीचे पाणी मैलावाहिनीला जोडलेले नाही ना, हे प्लंबरकडून तपासून घ्यावे. पर्जन्य जलसंधारणाचे खड्डे गाळाने भरलेले असतील, तर ते पावसाळ्यापूर्वी उपसावेत. जितके पाणी आवारात मुरेल, तितके रस्त्यावर कमी येईल. घराचे नूतनीकरण करणाऱ्या सभासदाने राडारोड्याची पोती फाटकाबाहेर ठेवली, तर ती पहिल्या पावसात फुटतात. राडारोडा उचलण्यासाठी महापालिकेकडे स्वतंत्र मागणी नोंदवावी.

खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि हॉटेलांनी तेलकट पाणी जाळीत ओतू नये. तेल थंड होऊन थिजते आणि त्यावर माती बसत जाते. गॅरेजने जुने ऑइल भंगारवाल्याकडेच द्यावे. बांधकामाच्या ठिकाणी वाळूच्या ढिगाभोवती विटांचा किंवा पोत्यांचा बांध घालणे आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुण्याची सोय करणे, हे दोन उपाय मोठा गाळ अडवतात. कारखान्यांनी आवारातील पावसाळी वाहिनी आणि प्रक्रियेचे सांडपाणी पूर्ण वेगळे ठेवावे. पावसाचा आडोसा घेऊन सांडपाणी पावसाळी गटारात सोडण्याचा प्रकार दिसला, तर तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदवायचा विषय आहे. नाल्याच्या पाण्याचा रंग बदलला, तर वेळ आणि ठिकाण दिसेल असे छायाचित्र उपयोगी पडते.

डासांचे काय?

तुंबलेल्या, घाण पाण्यात प्रामुख्याने क्युलेक्स डास वाढतो. हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास तो हाच. डेंगीचा एडिस मात्र तुलनेने स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. भंगारातले टायर, कुंड्यांच्या ताटल्या, कूलर, गच्चीवरचे डबे. त्यामुळे गटार वाहते झाले, की डेंगी गेला असे समजू नये. दोन्हीकडे लक्ष द्यावे लागते.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

पिंपरी-चिंचवड महापालिकेची ‘सारथी’ हेल्पलाइन २०१३पासून सुरू आहे. क्रमांक ८८८८००६६६६. मोबाइल ॲपवरही तक्रार नोंदवता येते. पावसाळी गटारे, मैलावाहिन्या आणि साफसफाई ही कामे महापालिकेत वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. म्हणून ‘ड्रेनेज तुंबले आहे’ एवढेच लिहिले, तर तक्रार एका विभागाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

तक्रारीत चार गोष्टी असाव्यात : काय, कुठे, केव्हापासून आणि धोका काय. उदाहरणार्थ, ‘रस्त्याकडेची पावसाळी जाळी, आत गाळ भरलेला, वरचा पाला काढूनही पाणी उतरत नाही. अमुक चौकापासून अमुक शाळेकडे जाताना डावीकडे, पथदिवा खांब क्रमांक अमुक. तीन दिवसांपासून. शाळेची मुले याच वाटेने जातात.’ सोबत दोन छायाचित्रे द्यावीत. एक जवळून, एक आजूबाजूची खूण दिसेल असे. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. काम न करताच तक्रार बंद केली गेली, तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन ‘अ’ ते ‘ह’ यांपैकी आपल्या क्षेत्रीय कार्यालयात दाद मागता येते.

मार्च २०२२पासून महापालिकेवर प्रशासक होता. त्यामुळे कोणाकडे जायचे, हा प्रश्न अनेकांना पडत असे. १५ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या निवडणुकीनंतर प्रभागाला पुन्हा नगरसेवक मिळाले आहेत. कोणत्या जाळ्या दरवर्षी तुंबतात, याची गल्लीनिहाय यादी करून ती उन्हाळ्यातच त्यांच्या हाती देणे, हे पावसात फोन करण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

चाकण पट्ट्यात जबाबदारी कोणाची?

इथे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. चाकण शहरात नगरपरिषद आहे. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी अशा गावांत ग्रामपंचायती आहेत. औद्योगिक क्षेत्रातील अंतर्गत रस्ते एमआयडीसीचे. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर हे मार्ग महामार्ग यंत्रणांकडे. बांधकाम परवानग्या आणि विकासाचे नियोजन यांत पीएमआरडीए येते. पाणी मात्र या हद्दी पाळत नाही. एमआयडीसीच्या रस्त्यावरून निघालेला लोंढा गावाच्या ओढ्यातून महामार्गाखालच्या मोरीत शिरतो. मोरी बंद असेल, तर तो कामगारांच्या चाळींत घुसतो. प्रत्येक यंत्रणा आपला तुकडा पाहते आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर पाणी अडते.

जून २०२५मध्ये हिंजवडीच्या आयटी पार्कमधील रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा हाच मुद्दा पुढे आला होता. नैसर्गिक ओढे अरुंद झालेले, बुजवलेले किंवा वळवलेले आणि यंत्रणा अनेक. चाकणमध्ये राहणाऱ्यांनी तक्रार करताना ठिकाण कोणाच्या हद्दीत येते, हे आधी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत विचारून घ्यावे. हद्दीचा वाद असेल, तर राज्य शासनाच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर सर्व यंत्रणांची नावे लिहून एकच तक्रार करावी. ग्रामसभेत ओढ्यांचा आणि मोऱ्यांचा नकाशा मागणे हाही उपाय आहे. जुन्या शेतकऱ्यांना ओढा मूळ कुठून वाहत होता, हे पक्के ठाऊक असते. ती माहिती कागदावर येणे महत्त्वाचे आहे.

या पट्ट्यातील हजारो कामगार परराज्यांतून किंवा मराठवाडा-विदर्भातून आलेले, भाड्याच्या खोल्यांत राहणारे आहेत. खोलीत पाणी शिरते ते त्यांच्या, पण तक्रार कुठे करायची हे त्यांनाच सर्वात कमी माहीत असते. घरमालक आणि कंपन्यांच्या सुरक्षा विभागांनी हेल्पलाइनचे क्रमांक हिंदी आणि मराठीत फलकावर लावले, तरी बरेच साधेल.

इतर शहरांचा अनुभव काय सांगतो?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याच गटारात मावला नसता. पण पातळ पिशव्यांनी नाले तुंबल्याची चर्चा झाली आणि राज्याने अशा पिशव्यांवर निर्बंध आणले. मार्च २०१८मध्ये व्यापक प्लास्टिकबंदी आली. बांगलादेशाने पुराच्या काळात गटारे तुंबल्याच्या अनुभवातून २००२मध्येच पातळ पिशव्यांवर बंदी घातली होती.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यांवर २५ हजारांहून अधिक जाळ्या आहेत. तिथे नागरिक नकाशावर एक जाळी ‘दत्तक’ घेतात, तिला गमतीशीर नावही देतात आणि पावसाचा इशारा मिळाला, की ती झाडून ठेवतात. आतील सफाई पालिकेचीच. मिनेसोटा राज्यातही असाच उपक्रम चालतो. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडला हे करणे कठीण नाही. जाळ्यांना क्रमांक देणे आणि ते ‘सारथी’शी जोडणे एवढे महापालिकेने केले, तर ‘अमुक चौक, डावीकडे’ असे सांगण्याची गरज उरणार नाही आणि एकच जाळी वर्षात किती वेळा तुंबली, याची नोंदही आपोआप तयार होईल.

जाळ्या साफ ठेवल्या, तर पाणी साचणारच नाही का?

तसे आश्वासन कोणी देऊ नये. धरणातून विसर्ग वाढला आणि पवना किंवा मुळा फुगली, की सांगवी, दापोडी, पिंपरीतील संजय गांधीनगर अशा सखल भागांत पाणी नदीकडून येते. अशा वेळी नाल्याचे तोंडच नदीच्या पाण्याखाली जाते आणि गटारातून पाणी उलटे वर येऊ लागते. तिथे खराटा कामाचा नाही. महापालिकेची सूचना आली, की कागदपत्रे आणि औषधे घेऊन बाहेर पडणे एवढेच हिताचे. ओढ्यावर बांधलेली इमारत, चुकीच्या उताराचा रस्ता, अपुऱ्या व्यासाची वाहिनी हे दोषही पाला काढून जात नाहीत.

तरीही जाळी साफ असण्याचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. जाळीवर कचरा असेपर्यंत पाणी का साचले, याचे उत्तर ‘लोक कचरा टाकतात’ असे देता येते. वरचा कचरा काढला, छायाचित्र घेतले आणि तरीही पाणी उतरले नाही, तर दोष आतल्या गाळाचा किंवा मूळ बांधणीचा आहे, हे उघड होते. मग प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा, याबद्दल शंका उरत नाही. पाच मिनिटांच्या कामाने रस्ता दरवेळी कोरडा राहीलच असे नाही, पण जबाबदारी कोणाची हे मात्र स्पष्ट होते.